धर्माची व्याख्या कोण करतो?

२०११ च्या जनगणनेच्या अर्जात धर्माच्या रकान्यासाठी सहा धर्मांना आकडे दिलेले होते : हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन. यांत न बसणाऱ्याने आपल्या धर्माचे नाव लिहून द्यायचे आणि पुढे मोजदादीत ‘इतर धर्म’ या गाठोड्यात जायचे. त्या वर्षी देशात सुमारे ४४ लाख ५१ हजार लोकांची नोंद जैन म्हणून झाली. ‘इतर’च्या गाठोड्यात ‘सरना’ असे लिहून देणारे निघाले सुमारे ४९ लाख ५७ हजार. झारखंड, ओडिशा, बंगालकडचे हे आदिवासी. गावाजवळच्या सालवृक्षांच्या राईत त्यांची उपासना चालते. तिथे इमारत नाही, ग्रंथ नाही. संख्येने जैनांपेक्षा जास्त असूनही अर्जात त्यांना आकडा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंडच्या विधानसभेने स्वतंत्र सरना रकान्याची मागणी करणारा ठराव केला. दुसरीकडे, हे लोक हिंदूच आहेत, त्यांना वेगळा रकाना कशाला, असे म्हणणारेही आहेत.

हा वाद वरवर पाहता सरकारी अर्जाचा. पण अर्ज तयार करणाऱ्याला आधी ठरवावे लागते, धर्म कशाला म्हणायचे? ग्रंथ असेल तर? देव असेल तर? संस्थापकाचे नाव सांगता आले तर? युरोप-अमेरिकेच्या विद्यापीठांत गेली दीडशे वर्षे विद्वान या प्रश्नाशी झगडत आहेत आणि एकमत झालेले नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकांत धर्माच्या चार-पाच व्याख्या असतात. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. त्या एकमेकींशी का जुळत नाहीत, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही.

आपल्या इतिहासातही या रकान्याचा एक जुना किस्सा आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अन-नदीमने ‘अल-फिहरिस्त’ नावाची प्रचंड ग्रंथसूची तयार केली. तीत तो सांगतो की, अब्बासी खलीफा मामून रूमी साम्राज्यावरच्या मोहिमेला निघालेला असताना वाटेत हर्रानचे लोक त्याच्यासमोर आले. हे शहर आजच्या तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळ आहे. त्या लोकांचे लांब केस आणि वेगळा पेहराव पाहून खलीफाने विचारले, तुम्ही कोण? ख्रिस्ती? यहुदी? मजूसी? प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘नाही’. मग ग्रंथ कोणता, नबी कोण? ते गडबडले. खलीफाने बजावले, मी परत येईपर्यंत इस्लाम स्वीकारा किंवा कुरआनात नाव आलेल्या एखाद्या धर्माचे व्हा, नाहीतर तुमची खैर नाही. तेव्हा हर्रानच्याच एका कायदेपंडिताने भरपूर पैसे घेऊन सल्ला दिला की, आम्ही ‘साबी’ आहोत असे सांगा. कुरआनात साबिईनांचे नाव तीन ठिकाणी आले आहे. खलीफा त्या मोहिमेवरून परतलाच नाही, तिकडेच वारला. पण हर्रानच्या ग्रहतारे पूजणाऱ्यांना ‘साबी’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. हा किस्सा सांगणारा मूळचा ख्रिस्ती होता, त्यामुळे इतिहासकार तो जपूनच घेतात. पण थोर गणितज्ञ साबित इब्न कुर्रा याच हर्रानचा आणि त्याच्या नावापुढे ‘अस-साबी’ लागते, हे तर खरेच आहे. उपासना होती तीच राहिली. फक्त रकाना मिळाला.

आता विद्यापीठांकडे वळू. १८७१ मध्ये एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने एक सुटसुटीत व्याख्या दिली. दिसत नसलेल्या चेतन शक्तींवर, आत्म्यांवर, देवांवर विश्वास म्हणजे धर्म. जगातल्या सगळ्या समाजांना लागू पडेल असे किमान काहीतरी त्याला हवे होते. पण जैन आणि बौद्ध परंपरांत जगाचा निर्माता मानलेलाच नाही आणि मुक्तीचा मार्ग देवांच्या हातून जात नाही. मग ते धर्म नव्हेत काय? मला स्वतःला या व्याख्येतली दुसरी उणीव जास्त खटकते. ती सगळी डोक्यात आहे. वुजू, नमाज, रोजा, जकात, मय्यतीला खांदा देणे, शेजाऱ्याच्या घरी ताट पाठवणे, यांतले काहीच तिच्यात नाही. मनात काय मानता, एवढेच तिला विचारायचे आहे.

फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये नेमका बौद्धांचाच दाखला देऊन ही व्याख्या बाजूला सारली. स्वतः तो एका यहुदी धर्मगुरूचा मुलगा. त्याने देव काढून टाकला आणि ‘पवित्र’ हा शब्द आणला. पवित्र म्हणून वेगळ्या काढलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार, आणि त्यांनी एकत्र बांधलेला समाज, म्हणजे धर्म. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर त्याने हा सगळा डोलारा उभा केला आणि ऑस्ट्रेलियाला तो कधी गेला नाही, हेही जाता जाता सांगायला हवे. या व्याख्येत आचार आला, जमात आली, हे चांगले झाले. पण दार इतके रुंद झाले की राष्ट्रध्वज आत आला, क्रांतीचे उत्सव आत आले आणि कोणी म्हणेल, वानखेडेवरच्या प्रेक्षकांनाही आता बाहेर का ठेवता?

जर्मनीचा माक्स वेबर हुशार निघाला. धर्माच्या समाजशास्त्रावरच्या लेखनाच्या आरंभीच त्याने सांगून टाकले की व्याख्या आधी करता येणार नाही, झालीच तर अभ्यासाच्या शेवटी होईल. १९२० मध्ये तो वारला; व्याख्या राहूनच गेली. जेम्स ल्यूबा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये जवळपास पन्नास व्याख्या एकत्र छापल्या होत्या. त्यावर पुढे जोनाथन स्मिथ या अभ्यासकाने मार्मिक शेरा मारला की, यावरून धर्माची व्याख्या करता येत नाही असे ठरत नाही, ती पन्नास प्रकारे करता येते एवढेच ठरते. प्रत्येक व्याख्या कोणीतरी कशासाठीतरी केलेली असते, असे त्याचे म्हणणे.

आपल्याकडे महाराष्ट्रात या अडचणीला दोन मोठ्या माणसांनी थेट हात घातला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये काढला आणि सुरुवातीलाच ‘धर्म’ या शब्दाचे अर्थ काळाप्रमाणे कसे बदलत गेले, ते मांडले. इंग्रजीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मराठी माणसाला हे समजायला खंड वाचावे लागत नाहीत. आपण शेजारधर्म म्हणतो, जळणे हा अग्नीचा धर्म म्हणतो, धर्मशाळा म्हणतो. यांतल्या एकाही ठिकाणी ‘धर्म’च्या जागी इंग्रजी ‘रिलिजन’ घालता येणार नाही. दुसरे डॉ. आंबेडकर. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’मध्ये त्यांनी ‘रिलिजन’ या शब्दाला ठरलेला अर्थच नाही, असे सांगून धम्म त्यापासून वेगळा काढला. रिलिजन ही ज्याची त्याची खाजगी बाब, तर धम्म माणसामाणसांतल्या व्यवहाराचा, असा त्यांचा भेद होता. १९५६ मध्ये नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली ती धम्माची. जनगणनेत मात्र त्यांना ‘धर्म’ याच रकान्यात लिहावे लागते.

आणि आपला ‘दीन’? विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ हे कॅनडाचे अभ्यासक १९४० च्या दशकात लाहोरला शिकवत होते. मुसलमान, हिंदू, शीख यांच्यात राहून त्यांना जाणवले की ‘रिलिजन’ ही चौकट या लोकांच्या जगण्यावर नीट बसत नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुस्तकच लिहिले की, हा शब्द सोडून द्या. त्याऐवजी माणसाची श्रद्धा आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत आलेली परंपरा, असे दोन वेगळे शब्द वापरा. या पुस्तकात त्यांना इस्लामसाठी खास वेगळे प्रकरण लिहावे लागले. कारण हिंदू, बौद्ध वगैरे नावे बाहेरच्यांनी रूढ केली, तर इस्लाम हे नाव त्याच्या ग्रंथातच आहे. पण त्यातही त्यांनी बारकावे दाखवले. ‘इस्लाम’ हे मुळात क्रियेचे नाव आहे, स्वतःला अल्लाहच्या स्वाधीन करण्याच्या कृतीचे. ‘दीन’चे ‘अदयान’ हे अनेकवचन अरबीत आहे, पण कुरआनात ते एकदाही येत नाही.

उर्दू-मराठी दोन्ही भाषा ज्या घरात बोलल्या जातात, तिथे एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. कुरआनाच्या मराठी किंवा उर्दू तर्जुम्यात ‘दीन’ हा शब्द कुठे कसा उतरवला आहे, ते शोधावे. सूरह फातिहात त्याचा अर्थ बदला, हिशोब, न्याय असा लागतो. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) आपल्या भावाला ठेवून घेतात त्या प्रसंगी तो बादशहाच्या कायद्यासाठी येतो. सूरह काफिरूनमध्ये तो चालण्याच्या वाटेसाठी येतो. हिशोब, कायदा, वाट! एका मराठी शब्दात हे तिन्ही मावत नाहीत. आणि आपण सर्रास ‘मजहब’ म्हणतो त्याची गंमत आणखी वेगळी. अरबीत त्याचा अर्थ जाण्याची रीत, फिकहची शाळा. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी, हे मजहब झाले. उर्दूत तोच शब्द आख्ख्या धर्मासाठी वापरला जाऊ लागला. शब्द एक, पण अरबी शिकलेल्या मौलानांच्या आणि उर्दू वर्तमानपत्राच्या तोंडी त्याची मापे वेगळी.

या सगळ्याला धारदार रूप दिले ते तलाल असद यांनी. ‘द रोड टू मक्का’ लिहिणारे मुहम्मद असद पुष्कळांना माहीत असतील. तलाल त्यांचे चिरंजीव, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. क्लिफर्ड गिर्ट्झ या नामवंत अमेरिकी अभ्यासकाने १९६६ मध्ये धर्म म्हणजे अर्थ देणाऱ्या प्रतीकांची व्यवस्था, अशी व्याख्या केली होती. गिर्ट्झ मोरोक्को आणि इंडोनेशियाच्या मुसलमानांत राहिलेला माणूस. असद यांनी १९८३ मध्ये त्याला उत्तर लिहिले. त्यांचा मुद्दा असा, की धर्म म्हणजे मुळात मनातला विश्वास, बाकी आचार, शिस्त, कायदा हे वरचे कवच, ही समजूत सगळ्या मानवजातीची नाही. ती युरोपात, प्रोटेस्टंट सुधारणेनंतरच्या धर्मयुद्धांतून घडली. रक्तपात थांबवायचा तर राजाने बाहेरचे व्यवहार सांभाळावेत आणि श्रद्धा ज्याच्या त्याच्या अंतःकरणात राहावी, अशी वाटणी तिथे झाली. त्या वाटणीला ‘धर्माची व्याख्या’ हे नाव देऊन ती साऱ्या जगाला लावली गेली. मग ज्या समाजात रोजच्या वागण्यातून, शरीराला लावलेल्या वळणातून श्रद्धा घडते, तो समाज मागासलेला किंवा धर्म आणि राजकारणाची सरमिसळ करणारा ठरू लागला. असद यांच्या मते जगभर चालणारी व्याख्या होऊच शकत नाही, कारण व्याख्या करणे हे स्वतःच इतिहासाचे अपत्य आहे. सगळेच विद्वान हे मानत नाहीत. काही म्हणतात, इतके ताणले तर दोन समाजांची तुलनाच करता येणार नाही. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. अल-बैरूनीने १०३० च्या सुमारास हिंदूंवरचा ग्रंथ लिहिला तो तुलना करतच लिहिला, ग्रीकांशी, सूफींशी. मात्र त्याआधी तो संस्कृत शिकला आणि पंडितांना विचारत बसला.

इथे कोणी म्हणेल, विद्वानांचे वाद विद्वानांना लखलाभ. त्यांनी जपानकडे पाहावे. १८५८ मध्ये अमेरिकेने जपानबरोबर तह केला, त्यात अमेरिकी लोकांना आपला ‘रिलिजन’ पाळण्याची मोकळीक हे कलम होते. जपानी दुभाष्यांपुढे पेच पडला, या शब्दाला आपल्या भाषेत काय म्हणायचे? निरनिराळे शब्द वापरून झाले आणि पुढे १८७० च्या दशकात ‘शूक्यो’ हा शब्द रुळला. १८८९ च्या राज्यघटनेने प्रजेला धार्मिक श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले. छान झाले! पण सरकारने भूमिका अशी घेतली की, शिंतो देवस्थानांपुढे वाकणे हा ‘शूक्यो’ नव्हेच, तो नागरिकाचा देशाप्रती आदर आहे. १९०० मध्ये तर गृहखात्यात देवस्थानांचा विभाग वेगळा आणि धर्मांचा विभाग वेगळा केला गेला. जे धर्म नाही, ते सगळ्यांना सक्तीचे करता येते. १९३२ मध्ये टोकियोच्या सोफिया विद्यापीठातले काही कॅथलिक विद्यार्थी यासुकुनी देवस्थानापुढे वाकले नाहीत, तर केवढे वादळ उठले. शिक्षण खात्याने खुलासा दिला की, हा नमस्कार केवळ देशप्रेम आणि निष्ठा दाखवतो. १९३६ मध्ये व्हॅटिकननेही परवानगी देऊन टाकली. युद्ध हरल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने सरकार आणि शिंतो यांची फारकत केली, तेव्हा कुठे हे संपले. एका शब्दाच्या व्याख्येच्या जोरावर शाळकरी मुलांची मान झुकवता येत होती.

आपल्या राज्यघटनेत धर्माची व्याख्या दिलेली नाही. ते काम न्यायालयांकडे आले. १९५४ चा शिरूर मठाचा खटला यातला मैलाचा दगड. (हे शिरूर कर्नाटकातल्या उडुपीचे, पुणे जिल्ह्यातले नव्हे.) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० मध्ये निर्मात्याशी माणसाचे नाते अशा अर्थाची व्याख्या केली होती. आपल्या न्यायालयाने ती अपुरी ठरवली, कारण भारतात बौद्ध आणि जैन आहेत. धर्म म्हणजे फक्त मत नव्हे, आचार आणि विधीही त्यात येतात, अगदी खाणे आणि पेहरावसुद्धा, इथवर न्यायालय गेले. त्या निकालाइतकी मोकळी समज विद्यापीठांतल्या बऱ्याच व्याख्यांत नाही.

पण त्याच निकालातून एक कसोटी निघाली. धर्माचा आवश्यक भाग कोणता, तेवढ्याला संरक्षण. तो भाग त्या धर्माच्या शिकवणुकीवरूनच ठरवावा, असे म्हटले होते. ठरवायला मात्र न्यायाधीश बसले. १९५८ मध्ये बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातल्या कुरेशी बांधवांचा गोहत्याबंदीविरुद्धचा खटला आला. न्यायालयाने ‘हिदाया’चा इंग्रजी तर्जुमा चाळला. एका माणसामागे बकरा किंवा सात जणांत एक गाय अथवा उंट, असा पर्याय त्यात सापडला. पर्याय आहे म्हणजे गायच हवी असे नाही, म्हणून तो आवश्यक भाग नाही. इस्लामच्या जाणकाराचे प्रतिज्ञापत्र अर्जदारांनी जोडलेले नाही, अशी नोंदही निकालात आहे. १९९४ मध्ये ठरले की नमाज उघड्यावरही पढता येते, तेव्हा मशीद आवश्यक नाही. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब आवश्यक नाही असे सांगितले.

यातली मेख फिकह शिकलेल्या कोणालाही दिसेल. आपल्याकडे फर्ज आहे, वाजिब आहे, सुन्नत आहे, मुस्तहब आहे, मुबाह आहे. ही उतरंड बंद्याने अल्लाहपुढे काय देणे लागते, हे सांगण्यासाठी आहे. सुन्नत फर्ज नाही, म्हणून कोणत्याही दीनदार घरात तिला बिनमहत्त्वाची मानत नाहीत. न्यायालयाच्या कसोटीला मात्र दोनच कप्पे हवेत, आवश्यक आणि अनावश्यक. सरकारने काय बंद करावे, यासाठी ती उतरंड कोणी रचलेली नव्हती. आणि खेदाची गोष्ट अशी, की आपले वकील आणि आपल्या संस्थाही ‘हे फर्जच आहे’ असे सिद्ध करण्याच्या धावपळीत हीच चौकट मान्य करून बसतात. मग एखादी मुलगी म्हणते, मला हे प्रिय आहे, माझ्या आईने केले, मी करते. तिच्या या वाक्याला त्या दोन कप्प्यांत जागाच उरत नाही. हिजाबचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत दोन दिशांना गेले. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली. न्या. सुधांशु धुलिया यांनी आवश्यक-अनावश्यकाच्या वाटेला जाण्याची गरजच नव्हती, असे मत दिले. त्यांच्या लेखी प्रश्न मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा होता.

धुलियांची वाट नवी नाही. केरळमध्ये जुलै १९८५ मध्ये इमॅन्युएल घराण्यातली तीन भावंडे, एक मुलगा आणि दोन मुली, शाळेतून काढली गेली. हे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे. राष्ट्रगीताच्या वेळी मुले आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. आपल्या देवाखेरीज कोणाच्याही स्तवनात भाग घेऊ नये, अशी त्यांची श्रद्धा. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचे शब्द न शब्द तपासले आणि त्यात कोणाच्या धर्मभावना दुखावण्यासारखे काही नाही, असे ठरवले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी ही तपासणीच चुकीची ठरवली. तुमचीआमची बुद्धी त्या श्रद्धेला मान्यता देते की नाही, हा प्रश्नच नाही, असे त्यांनी म्हटले. ती श्रद्धा खरेपणाने, विवेकाला स्मरून बाळगलेली आहे का, एवढेच त्यांनी पाहिले. त्या पंथाचा इतर देशांतला इतिहास वाचला, मुलांचे वागणे पाहिले. धर्म म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी केली नाही. मुलांना शाळेत परत घ्यावे आणि त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नये, असा आदेश दिला.